टंकी खाली है

आक्का टाकीच्या तळाशी पडली होती. एक पाय अंगाखाली दुमडलेला, तोंडावर गाळ, आणि शेजारी तिची निळी बादली, उभीच्या उभी. टाकीच्या तोंडाशी मास्तर ओणवे झाले होते. त्यांच्या एका गालावर दाढीचा साबण तसाच होता.

"हलू नकोस, आक्का. मी येतो."

मी म्हटलं, "मास्तर, तुम्ही उतरू नका. छातीत स्प्रिंगा बसवल्यात तुमच्या. माणसं येऊ देत."

"वहिनी, बाजूला व्हा."

त्यांनी चपला काढल्या. देवळाबाहेर काढतात तशा, जोडून. मग पाय आत सोडून लोखंडी कड्या चाचपडायला लागले. मी त्यांचा सदरा मागून धरला. सदरा जुना, धुऊन धुऊन पातळ झालेला. तो माझ्या मुठीतून सुटला आणि मास्तर आत गेले.

हा माणूस मास्तर नव्हताच. कोणत्याही शाळेत त्यांनी कधी खडू धरला नाही. भोपाळला पिपलानीच्या कारखान्यात ते नकाशे तपासायच्या खात्यात होते. नकाशावर जे लिहिलेलं असतं, नावं, आकडे, ते बरोबर आहे की नाही एवढंच बघायचं. माझे यजमान त्याच कारखान्यात फिटर. मास्तरांचं क्वार्टर आमच्या मागच्या ओळीत. दिवसभर चुका काढून पोट भरत नसे म्हणून हे संध्याकाळी शेजाऱ्यांच्या काढायचे. त्यावरून मास्तर नाव पडलं. निवृत्त झाल्यावर आम्ही कोलार रोडला घर घेतलं, तर समोरच्या दारात हेच. यजमान गेले, मास्तरांची बायको गेली, आमची दारं समोरासमोर उघडी राहिली. ते मला आवडायचे असं नाही. पण सवय झाली होती.

खिशात कायम खडू आणि रंगाची छोटी डबी. भोपाळातल्या हिंदी पाट्या ते मराठी शुद्धलेखनाने सुधारायचे. मी हे रचून सांगत नाही. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'पीने का पानी'. ड्रायव्हर पाइप लावून विडी ओढायला गेला, तेवढ्यात यांनी 'पानी'तल्या न चा ण केला. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर भांडायला वर आला.

"अंकल, ये क्या कर दिया? पूरे कोलार में मेरा मज़ाक बन रहा है."

"बरोबर करून दिलं आहे," मास्तर मराठीत म्हणाले. "पैसे नकोत."

मराठीतच. इतकी वर्षं भोपाळात काढली, पण कारखान्याच्या फाटकाबाहेर पडले की हा माणूस हिंदीचा शब्द काढायचा नाही. येत नव्हती असं मुळीच नाही, साहेबाशी फाडफाड बोलायचे. पण भाजीवाली समोर उभी राहिली की "दोडका कसा दिला?" ती म्हणायची, "क्या, बाबूजी?" हे परत, "दोडका." बोट दाखवायचे नाहीत. तीच एकेक भाजी उचलून दाखवायची. शेवटी तिने हात टेकले. आता ती गेटवर ओरडते ते "दोडके ले लो" असं, आणि बाकीच्या बायका विचारतात, हे काय नवीन आलं.

मला म्हणायचे, "वहिनी, तुम्ही चौथी शिकलेल्या, तुमच्याकडून मला अपेक्षा नाही."

मी म्हणायचे, "मास्तर, मलाही तुमच्याकडून नाही."

आक्का ही त्यांची थोरली बहीण. वर्ध्याकडच्या खेड्यातली. शाळेची पायरी चढलेली नाही. नवरा गेल्यापासून ती थोडे महिने लेकीकडे वर्ध्याला, थोडे महिने भावाकडे इथे. दर वेळी कोणीतरी तिला न्यायचं, कोणीतरी आणायचं. जावई आला तर सुट्टी गेली म्हणून तोंड करायचा. तिला ते लागायचं. माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसायची आणि म्हणायची, "वयनी, मी काय पार्सल हाओ? इकून टाकलं, तिकून उचललं."

तिला पाहिजे होतं ते एवढंच. गाडीत एकटीने बसायचं, स्टेशनावरची पिवळी पाटी वाचायची आणि वर्ध्याला उतरायचं. सगळ्या पाट्या सारख्याच दिसतात म्हणायची, पिवळ्यावर काळं, पिवळ्यावर काळं, आपलं गाव गेलं तरी कळायचं नाही. एक दिवस भावाला म्हणाली, माझ्यासमोर, "बापू, मले वर्धा वाचता येईन असं कर. बाकी कायी नको."

दुसरा कोणी असता तर कागदावर 'वर्धा' लिहून दिलं असतं आणि महिनाभर गिरवून घेतलं असतं. मास्तर म्हणाले, "एकच शब्द? छे. मी तुला सगळं शिकवणार. दिवाळीला तू एकटी गाडीत बसशील."

"मग आधी वर्धाच शिकवा," मी म्हटलं.

"वर्धामध्ये रफार आहे, वहिनी. रफार शेवटी येतो."

"आम्हाला चौथीच्या आत आला होता."

पण आक्काचा रफार शेवटीच राहिला. काना झाला, वेलांट्या झाल्या, उकार झाले, मात्रा झाल्या. बाई रोज विचारायची, "आज वर्धा हाय का?" आणि ते रोज म्हणायचे, "अजून नाही." आपल्या गावाचं नाव वाचण्यासाठी ही सत्तरीची बाई रांगेत उभी होती, आणि रांग भावानेच लावलेली.

पुस्तक त्यांनी आणलं नाही. म्हणाले, पुस्तकात चित्र असतं, चित्र बघून माणूस अंदाज करतो, वाचत नाही. अंदाजावर त्यांचा भारी राग. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, मीठ, साखर, हळद, रवा. आक्काने दोन दिवसांत डब्यांच्या जागा पाठ केल्या आणि न बघता हात घालायला लागली. तर या माणसाने रात्रीतून डब्यातला माल बदलला आणि चिठ्ठ्याही बदलल्या. सकाळी मी चहाला गेले. आक्काने नेहमीच्या डब्यातून साखर घातली. पहिला घोट मी मास्तरांच्या फरशीवर थुंकले.

"मीठ आहे यात!"

"डब्यावर 'मीठ' असंच लिहिलं आहे," मास्तर खुशीत म्हणाले. "आक्कानं वाचलं नाही."

आक्का म्हणाली, "तू लहानपनापासून असाच मेला हायस." त्या दिवसापासून ती प्रत्येक डब्यात बोट घालून चाटायची आणि मगच वापरायची. मास्तर चिडायचे. "ही फसवणूक आहे, आक्का!" ती चाटतच म्हणायची, "मंग परीक्षा जिभीची घे."

हसायचो आम्ही. खोटं कशाला सांगू, घर जिवंत होतं.

थंडीत आम्ही तिघं जवाहर चौकात गेलो. मला सुनेसाठी शाल घ्यायची होती. मास्तर दर दुकानासमोर आक्काला उभी करायचे आणि काठीने पाटी दाखवायचे. मागून माणसं ढकलतात, स्कूटरवाले हॉर्न वाजवतात, हे हलायचे नाहीत. एका पाटीवर तिने बराच वेळ लावला. मग मोठ्याने वाचलं, "ऊ... न. ऊन." आणि माझ्याकडे वळून डोळे विस्फारले. "आवं बाप्पा, वयनी, भोपाळात ऊनही इकतेत!"

लोकरीचं दुकान होतं. हिंदीत ऊन म्हणजे लोकर. मी रस्त्यात पोट धरून हसले. दुकानदारही बाहेर आला, "क्या हुआ, माताजी?"

मी मास्तरांना म्हटलं, "सांगा तिला."

"काय सांगायचं? अक्षरं बरोबर वाचली की नाही?"

"अहो, पण अर्थ?"

"आधी अक्षर. अर्थ मागून येतो."

"मागून म्हणजे कधी? बाई भोपाळात राहते. तिला इथलं बोलणं येत नाही. भाजीवालीलाही तुम्ही मराठी शिकवून ठेवलीत, मग हिच्या कानावर हिंदी पडणार कुठून? आधी चार शब्द हिंदी बोलायला शिकवा, मग पाट्या वाचवा."

"लिपी एकच आहे, वहिनी. लिपी आली की माणूस कुठेही अडत नाही."

आणि ते दुकानात शिरले आणि आक्काला एक मफलर घेऊन बाहेर आले. तिने पाटी वाचली त्याचं बक्षीस. ऊन म्हणजे काय ते तिला मीच रिक्षात सांगितलं. ती म्हणाली, "असं हाय का? मंग बापूनं काऊन नाई सांगतलं?"

हिंदीतला एकच शब्द त्यांनी तिला अर्थासकट दिला. है म्हणजे आहे. तेवढ्यावर काम भागेल असं त्यांना वाटत होतं.

होळीनंतर त्यांनी नवीन नेम काढला. आमच्या इमारतीत खाली जिन्यापाशी फळा आहे. चौकीदार त्यावर खडूने लिहितो, बिजली बंद, कचरा गाड़ी नहीं आएगी, असं. आक्काने रोज सकाळी खाली जायचं, फळ्यावर जे असेल ते वाचायचं, वर येऊन सांगायचं. गुडघे धरून ती जायची. वर येईपर्यंत अर्धं विसरायची, मग परत खाली. एकदा मी म्हटलं, "लिफ्टने पाठवा की." तर म्हणे, "लिफ्टमध्ये आकडे असतात. आकडे नंतर."

त्या दिवशी सकाळी नळाचं पाणी गेलं. मास्तर दाढी करत होते. दोन्ही दारं उघडी, मला सगळं ऐकू येत होतं.

"आक्का, पाणी का गेलं ते फळ्यावर लिहिलं असेल. बघून ये."

ती गेली. बऱ्याच वेळाने धापा टाकत वर आली.

"बापू! टंकी खाली है. टाकी खाली हाय म्हन्ते."

"कोणी सांगितलं? चौकीदारानं?"

"नाई नं. तो चहाले गेला. म्या वाचलं. टं वर टिंब, की ले दुसरी वेलांटी, खा ले काना, ली ले दुसरी, है ले दोन मात्रा."

आतून मास्तरांचा आवाज असा फुटला की मी दचकले. "पूर्ण? सगळं? एकटीनं?"

"हाव. बादली दे, मी आनतो पानी. तुह्या तोंडाचा साबन वाळून राह्यला."

बादलीची कडी वाजली. चपला जिन्याने गेल्या. मी तांदूळ निवडत होते, मान वर केली नाही. आणि मास्तर माझ्या दारात येऊन उभे राहिले. अर्धं तोंड पांढरं, हातात वस्तरा, डोळ्यांत पाणी. इतक्या वर्षांत त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. बायको गेली तेव्हाही नाही.

"वहिनी, पेढे काढा."

"कशाचे?"

"आक्कानं वाक्य वाचलं. शब्द नाही, अख्खं वाक्य. कोणाच्या मदतीशिवाय."

"कोणतं?"

"टंकी खाली है."

"म्हणून नळाला नाही होय. आज टाकी साफ करणार होते ना?"

"हो. सकाळीच रिकामी केली त्यांनी."

"आक्का कुठाय मग?"

"पाणी आणायला गेली."

"कुठून?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी बघितलं, माणसाच्या चेहऱ्यावरचा साबणसुद्धा कसा बदलतो. आनंद अजून तोंडावरच होता, गेला नव्हता, आणि त्याच्या खालून दुसरं काहीतरी वर येत होतं.

"खालून," ते म्हणाले.

मग आम्ही दोघं जिन्याने धावलो. माझ्या गुडघ्यांनी मी तसं परत कधी उतरणार नाही.

आमच्या पार्किंगमध्ये जमिनीत टाकी आहे. वर लोखंडी झाकण असतं. त्या दिवशी झाकण बाजूला काढलेलं, साफ करणारी माणसं चौकीदाराबरोबर चहाला गेलेली, तोंडाशी त्यांचा दोर पडलेला. अंधारच असतो तिथे. आक्का खेड्यातली, जन्मभर विहिरीतून पाणी ओढलेलं. टाकी खाली आहे हे वाचलं, खाली आली, टाकी सापडली, दोर सापडला. ती वाकली. पाणी पुष्कळ खाली होतं असं तिला वाटलं असेल. पाणी नव्हतंच.

मला आजही सुन्न व्हायला होतं ते या गोष्टीने. माणसाला हिंदी येत होती. टाकी रिकामी आहे हे त्यांना माहीत होतं. फळ्यावरचं वाक्य त्यांनी स्वतःच्या तोंडाने मला हिंदीत म्हणून दाखवलं. बहीण बादली घेऊन निघाली ते त्यांनी ऐकलं. आणि तरी त्या घटकेला त्यांना फक्त अक्षरं ऐकू आली. वेलांट्या बरोबर होत्या, मात्रा बरोबर होत्या.

ते आत उतरल्यावर मी पार्किंगमधून ओरडत सुटले. कोणी येईना, कामावर जायची वेळ, गाड्या सुरू होत होत्या. परत तोंडाशी आले आणि पालथी पडून आत पाहिलं. मास्तर खाली पोचले होते. गाळात बसून आक्काचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं. टाकीत आवाज घुमतो, हळू बोललेलंही वर येतं.

"दुखतंय?"

"पाय गेला रे, बापू. तठी लिवलं होतं. टाकी खाली हाय."

"हो, आक्का."

"म्या बरोबर वाचलं होतं नं?"

मास्तरांचा श्वास मला वरून ऐकू येत होता, कुकरच्या शिट्टीआधी फसफसतं तसा. मग म्हणाले, "अगदी बरोबर वाचलंस. चूक नाही."

मी ओरडले, "मास्तर, बोलू नका, स्वस्थ बसा!"

त्यांनी मान भिंतीला टेकली. हात आक्काच्या कपाळावर होता. मला वाटलं, माझं ऐकून स्वस्थ बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं.

थोड्या वेळाने आक्काचा आवाज आला. "वयनी, हा बोलत काऊन नाई? बापू? ए बापू, हात जड झाला तुहा."

टाकीवाले आले तेव्हा मी जमिनीवर पालथीच होते. त्यांनी मला ओढून बाजूला केलं. आधी आक्काला काढली, दोराने, फळीवर बांधून. ती किंचाळत होती, पायामुळे नाही, भावाचा सदरा सोडायचा नव्हता म्हणून. मग मास्तरांना काढलं. गालावरचा साबण वाळून पापडीसारखा सुटत होता. मी तो पदराने पुसला. दुसरं काय करणार.

सेक्रेटरी ऑफिसचा डबा हातात घेऊन आला. घाबरलेला होता, पण तोंड चालू. "आंटी, बोर्ड तो लगाया था. उनको तो पढ़ना आता था ना? मास्टरजी खुद सबको बताते फिरते थे."

मी म्हटलं, "आता था. इसीलिए गिरी."

त्याला कळलं नाही. समजावून सांगायला माझ्यात त्राण नव्हतं.

मास्तरांचा मुलगा पुण्याला असतो. नंबर माझ्या सुनेने लावून दिला, बोलणं माझ्यावर आलं. फोन कानाला लावून मी दवाखान्याच्या पायरीवर बसले.

"बोला, काकू."

"आक्का टाकीत पडली रे. सोसायटीच्या. सकाळी."

तो रडायला लागला. "आत्या... काकू, बाबा कुठे आहेत? बाबांना एकटं सोडू नका. ते बोलणार नाहीत, पण फार लावून घेतील. त्यांची छातीची गोळी त्यांना आठवणीने द्या. मी निघतोच. आत्याचं सगळं मी येऊन करतो, लेकीला वर्ध्याला मी कळवतो, बाबांना सांगा काही बघू नका. काकू? काकू, जरा बाबांना फोन द्या ना."

मी त्याला पुरतं बोलू दिलं.

मग म्हटलं, "तुझे बाबा गेले. आक्का वाचली."